सिरॅमिक-मेटल ग्रेडेड आर्मर: तुमचे प्रश्न

प्रश्न: सिरॅमिक स्टीलपेक्षा कडक असतं ना, मग नुसती जाड टाइलच का नाही लावत?

कारण ते दाब सोसतं, ताण, म्हणजे ओढ, नाही. गोळी आदळली की दाबाची लाट टाइलमधून मागे पळते, मागे ग्लू आणि फायबर, दोन्ही मऊ, तिथून ती ताणाची लाट होऊन उलटी फिरते आणि टाइल मागच्या बाजूने तडकायला लागते, कधीकधी गोळीचा गाभा पुरता झिजायच्या आतच. खरी अडचण टाइल आणि मागच्या थराच्या या सांध्याची आहे.

प्रश्न: ग्रेडेडमध्ये मग नेमकं काय बदलतं?

सांधाच काढून टाकतात. पुढे टायटॅनियम बोराइड हे सिरॅमिक भरपूर, मागे जाल तसं टायटॅनियम धातू वाढत जातो. लाटेला एकदम धक्का बसत नाही, थोडी थोडी परतते, आणि शेवटी मागच्या पृष्ठभागावरून उलटतेच, पण तिथे धातू असतो आणि तो ताण सोसतो. सिरॅमिक-धातूची जोडी निवडताना तापमानही बघावं लागतं, हे सगळं भट्टीत तापवून बनतं ना, अ‍ॅल्युमिनियम थंड होताना अ‍ॅल्युमिना या त्याच्याच सिरॅमिकच्या जवळपास तिप्पट आकसतं, मग गोळी लागायच्या आधीच आत ताण साठलेला, टायटॅनियम आणि त्याचं बोराइड मात्र साधारण सारखंच आकसतात. (ही कल्पना मुळात आर्मरची नाहीच, जपानमध्ये 1984 च्या सुमारास अंतराळविमानाच्या उष्णतेसाठी निघाली.)

प्रश्न: एवढं चांगलं आहे तर जवानांच्या जॅकेटात का दिसत नाही?

वजन आणि कडकपणा, दोन्ही आडवे येतात. बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकची घनता घनसेंटिमीटरला 2.5 ग्रॅम, टायटॅनियमची 4.5, आणि पुढच्या थरात धातू मिसळला की कडकपणा लगेच घसरतो, मग चिलखतभेदी गोळीचा स्टीलचा गाभा तुटणार कसा? माझं स्पष्ट मत आहे की पुढचा शुद्ध सिरॅमिकचा थर पातळ करून ग्रेडिंग करण्यात काही अर्थ नाही. डीआरडीओच्या कानपूरमधल्या डीएमएसआरडीई प्रयोगशाळेने 2024 मध्ये जे हलकं जॅकेट दाखवलं, 7.62 मिमीच्या सहा स्नायपर गोळ्या अडवणारं, त्यातही एकसंध सिरॅमिक प्लेट आणि मागे पॉलिमरच आहे. ग्रेडेडला जागा आहे ती गाड्यांच्या जाड आर्मरमध्ये, जिथे एकामागोमाग मारा सोसायचा असतो.

प्रश्न: एक गोळी लागलेली प्लेट परत वापरली तर चालेल?

नाही, कृपा करून नको. वरून छोटा खड्डा दिसला तरी आत तडे लांबवर गेलेले असतात, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाहीत. प्लेट बदलाच.