सासूबाईंच्या पिशवीत चार पॅथ्या

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची गोळी चालू होती, ती दिवाळीनंतर त्यांनी आपल्या मनानेच बंद केली. नणंदबाई म्हणतात होमिओपॅथी घ्या, तिला साइड इफेक्ट नसतात. शेजारच्या काकू रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणून देतात. धाकट्या दिरांनी एका 'होलिस्टिक' केंद्राचं पत्रक आणलंय, २१ दिवसांत साखर मुळापासून बरी म्हणे. परवा उपाशीपोटी साखर २१८ आली. या सगळ्यांत नेमका फरक काय, आणि ऐकायचं कोणाचं?
– एक सूनबाई, तासगाव

उत्तर : ताई, फरकाचं नंतर सांगते. आधी सासूबाईंना एकट्या गाठा आणि विचारा, गोळी का सोडली? मिरजेत मी ३४ वर्षं दवाखाना चालवतेय. मेटफॉर्मिन सोडणाऱ्या बायका माझ्यापाशी खरं कारण फार उशिरा बोलतात. एकीने दोन वर्षांनी सांगितलं, "डॉक्टरीणबाई, गोळी घेतली की पोट धरून पळावं लागतं, वऱ्हाडाच्या गाडीत बसायची सोय राहिली नाही." हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास. जेवणानंतर घेतली, डोस हळूहळू वाढवला किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिली, तर बहुतेकींचा कमी होतो. पण मी विचारलंच नव्हतं. सोमवारी सकाळी बाहेर तीस माणसं बसलेली असतात, आत आलेल्याला चार मिनिटं मिळतात. आमच्या पॅथीचं हे दुखणं आहे, आणि बाकीच्या पॅथ्यांकडे माणसं वळतात त्यातली निम्मी तरी या चार मिनिटांमुळे.

माझे वडील वैद्य होते. पेशंट ओसरीवर बसला की अर्धा तास नुसत्या गप्पा. झोप किती, भूक कधी लागते, रात्री कितीला जेवता. जीभ बघायची, नाडी बघायची, मग खल पुढे ओढायचा. चरकाने प्रमेहाची (आपला मधुमेह त्यातलाच) कारणं सांगितलीत ती त्यांना तोंडपाठ होती : बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. आज आहारतज्ज्ञ फी घेऊन यापेक्षा फार वेगळं सांगत नाही. तेव्हा आयुर्वेदाला 'पर्यायी' म्हणणं मला जरा जड जातं. आपल्याकडे तो आधीपासून घरातलाच. पण साखर मोजायला वडिलांकडे काही नव्हतं. लघवीला मुंग्या लागतात का, एवढंच ते विचारत. आधुनिक वैद्यकाची खरी ताकद या मोजण्यात आहे. औषध लागू पडलं की नाही हे आकडा सांगतो, डॉक्टरचा चेहरा किंवा पेशंटची श्रद्धा नव्हे. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ साली ते छापलं, तेव्हा तिची दखल जगाने घेतली. मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा युरोपातल्या एका वनस्पतीत सापडतं. त्यामुळे 'झाडपाला विरुद्ध केमिकल' हे भांडण मला पटत नाही.

होमिओपॅथी ही जर्मन डॉक्टर हानेमान यांची, १७९६ पासूनची. अॅलोपॅथी हा शब्दही त्यांचाच. आम्हाला नावं ठेवायला काढलेला, आम्ही तो दारावरच्या पाटीवर मिरवतो. होमिओपॅथीत '३० पोटेन्सी' म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं औषध. हिशोब केलात तर मूळ द्रव्याचा एक कणही उरत नाही. नणंदबाईंचं 'साइड इफेक्ट नाही' हे त्या अर्थाने खरं आहे. पण त्या गोळ्यांनी २१८ ची साखर खाली येणार नाही. होमिओपॅथ तासभर ऐकून घेतात, त्यानं माणसाला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही.

आता दिरांचं पत्रक. होलिस्टिक ही पॅथी नव्हे, माणसाकडे अख्खं बघण्याची रीत आहे. कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरकडे ती असू शकते, नसूही शकते. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तिथेही आहार, पाणी, माती यांवरच भर. केंद्रात मोजून जेवण आणि रोज चालणं असेल तर साखर उतरेल, यात जादू नाही. भरपूर वजन उतरलं तर काहींच्या गोळ्या सुटतातही. पण घरी येऊन एकादशीला साबुदाण्याची खिचडी सुरू झाली की साखर परत वर. शिवाय एचबीए१सी ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. २१ दिवसांत 'मुळापासून' गेलं हे कुठल्या तपासणीवरून ठरवतात, ते दिरांना विचारायला सांगा.

मला खरी भीती बिननावाच्या पुडीची. एक बाई गुडघ्यांसाठी वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या घेत होत्या. आठ दिवसांत पळायला लागल्या, सगळी गल्ली रांगेत. चार महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा चंद्रासारखा गोल, दंडावर निळे डाग, साखर ३४०. पुडीत स्टेरॉइड असणार हे बघताक्षणी कळलं. आणि ते एकदम बंदही करता येत नाही, शरीर कोलमडतं. महिनाभर उतरवत आणावं लागलं.

सासूबाईंसाठी एवढं करा. घरातली सगळी औषधं, काढ्याची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांपुढे टेबलावर ओता. वैद्यांकडे जात असाल तर त्यांच्यापुढेही. लपवलेलं औषध मोजता येत नाही. एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लिव्हरची तपासणी करून घ्या, आणि गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. उलट्या, ग्लानी किंवा खोल धाप दिसली तर थेट दवाखान्यात भरती. तेव्हा कुठलाच काढा नको.

लिव्हरची तपासणी का, तर करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. काकू वेल कुठून तोडून आणतात तेही विचारा; सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. रिपोर्ट येईपर्यंत काढा बंद. काकू रुसतील. त्यांना म्हणा, काढा राहू द्या, पण रोज सकाळी साडेसहाला आईंना फिरायला तुम्हीच घेऊन जा, आमचं त्या ऐकत नाहीत.