मानेच्या डॉपलर रिपोर्टमध्ये 'अडथळा ५० टक्क्यांपेक्षा कमी' लिहिलंय. हा आकडा सोनोग्राफीवरून कसा काढतात?

मुख्यतः रक्ताच्या वेगावरून. नुसतं चित्रावर मोजून नाही. पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याची धार जोरात उडते, तसंच धमनी अरुंद झाली की त्या जागी रक्त वेगाने धावतं. २००३ साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी प्रसिद्ध केलेले निकष अनेक ठिकाणी वापरतात: आतल्या कॅरोटिड धमनीतला (मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीतला) कमाल वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अडथळा ५० टक्क्यांहून कमी, २३०च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त. टक्क्यांइतकंच प्लाकचं, म्हणजे धमनीच्या आतल्या भिंतीवर साचलेल्या थराचं, वर्णनही नीट वाचा. काळसर दिसणारा मऊ थर पांढऱ्या, कडक थरापेक्षा जास्त धोक्याचा मानतात. मात्र कॅल्शियम खूप साचलं असेल तर त्याच्या सावलीमागचं दिसत नाही, तेव्हा बहुधा सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचं सीटी स्कॅन) करावी लागते.