सेको टर्टल की ओरिएंट कामासू: पहिलं ऑटोमॅटिक डाइव्ह घड्याळ कोणतं घ्यावं?

खरोखर स्कूबा करणार असाल तर टर्टल. डायलवर 'डायव्हर्स 200 मी' छापलंय, म्हणजे डाइव्ह घड्याळांचं आयएसओ 6425 हे आंतरराष्ट्रीय मानक. त्यात 25 टक्के जादा दाबाची चाचणी असते. कामासूवर नुसतं 'वॉटर रेझिस्ट 200 मी' आहे. पोहायला तेवढं भरपूर झालं.

रोज ऑफिसला घालायचं तर मी बेधडक कामासू सुचवेन. काच सफायरची, चरे सहसा पडत नाहीत. टर्टलच्या नेहमीच्या मॉडेलांत हार्डलेक्स म्हणजे सेकोची कडक केलेली खनिज काच असते, तिच्यावर भिंतीला घासलं तरी ओरखडा उठतो. शिवाय कामासूचा व्यास सुमारे 42 मिमी, टर्टलचा 45. बारीक मनगटावर हा फरक लगेच जाणवतो. मशीन दोन्हींत तुल्यबळ: तासाला 21,600 ठोके, पूर्ण चावी भरली की साधारण 40 तास चालतं.

दुकानात बेझल (डायलभोवतीचं फिरतं कडं) फिरवून बघाच. त्रिकोण 12 च्या खुणेवर बरोबर बसला पाहिजे आणि बेझल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरता कामा नये. क्राउन (बाजूची, आट्यांवर बसणारी गोल कळ) बंद करताना आधी किंचित उलटा फिरवा, आटे जुळले की मग कसा. तिरका कसला तर आटे झिजतात आणि पाणी तिथूनच शिरतं. रात्री 9 ते पहाटे 4 तारीख बदलू नका.