छोट्या गावी पहिल्यांदा जाताना

आधी परतीची गाडी बघा, मग जायची. शेवटची बस बहुतेक वेळा संध्याकाळीच सुटते आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात. फलकावरचं वेळापत्रक जुनं असू शकतं, म्हणून उतरतानाच चालक-वाहकाला विचारा: परतीची गाडी किती वाजता आणि थांबते नेमकी कुठे? जाण्याचा आणि येण्याचा थांबा कधीकधी वेगळा असतो. नवख्यांची गाडी चुकते ती बहुधा इथेच.

एटीएम असलं तरी त्यावर विसंबू नका. एकच यंत्र, त्यात सुट्टीच्या आधी रोकड संपते किंवा लिंक जाते. लिंक गेली की दुकानात कार्डही चालेलच असं नाही. दोन दिवसांचा खर्च रोख ठेवा, त्यातही सुट्टे जास्त. मोठी नोट मोडून मिळेलच असं नाही.

स्वतःची गाडी असेल तर टाकी अर्ध्यावर आली की भरा. पुढचा पंप नकाशावर दिसतो, पण रात्री उघडा असेलच असं नाही.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, गावापुरता नाही, भोवतीचा 30-40 किलोमीटरचा. रस्ता चुकतो तो गावाबाहेरच.

रोजची औषधं दोन दिवसांची जादा. औषधांचं दुकान उघडं असलं तरी तुमची गोळी तिथे असेलच असं नाही. दुपारी दुकानं मिटतात, तेव्हा खरेदी सकाळीच उरका. मुक्कामाची खोली फोनवर पक्की करा आणि उजेडात पोहोचा.