तज्ज्ञाच्या अहवालासाठी थांबू नका, तारीख निघून जाईल

पुण्यातल्या धायरीच्या एका वडिलांचं पत्र आहे. बाळ 31 आठवड्यांतच जन्मलेलं, सव्वा किलोचं. खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आईचं दूध पुरेना म्हणून पावडरचं दूध सुरू झालं. 5 ऑगस्ट 2024 ला बाळाला झटके आले. 9 तारखेच्या कल्चर रिपोर्टमध्ये (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) क्रोनोबॅक्टर जंतू निघाला आणि मेंदूज्वराचं निदान झालं. बाळ वाचलं, पण अजून आधाराशिवाय बसत नाही. त्यानंतर कंपनीला पत्रं, रुग्णालयाला पत्रं आणि उत्तराची वाट. आता जून 2026 मध्ये ते विचारतात, "दोष पावडरचा की साठवणुकीचा, हे तज्ज्ञाकडून ठरवून घेऊन मग केस करू का?"

नाही. आधी तक्रार दाखल करा. अशी पत्रं मला वारंवार येतात आणि जवळजवळ प्रत्येकात मुदत वाट बघण्यातच गेलेली असते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 तक्रार करायला दोन वर्षं देतं. तुम्ही कितीही पत्रं लिहिलीत तरी ही मुदत लांबत नाही. "खरं कारण आम्हाला गेल्या महिन्यात कळलं" हा तुमचा मुद्दा मला टिकेलसा वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा श्रीखंडे खटल्यातला निकाल बघा. 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेलं गॉज (जखमेचं जाळीदार कापड) 2002 मध्ये निघालं आणि तिथून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली, तरी ती मुदतबाह्य ठरली. त्रास आधीपासून होता, चौकशी तेव्हाच करायला हवी होती, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या तर डिस्चार्ज कार्डावरच जंतूचं नाव छापलेलं आहे! दोन वर्षं रिपोर्टच्या तारखेपासून मोजली तर 9 ऑगस्ट येते, आणि त्या दिवशी रविवार आहे. जाबदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, मात्र झटक्यांच्या दिवसापासून मोजतील. म्हणून जुलैतच ई-जागृती या सरकारी पोर्टलवर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण "उत्तराची वाट बघत होतो" हे सबळ कारण म्हणून आयोग मान्य करेल, या भरवशावर बाळाचं भवितव्य टांगू नका. मूल अल्पवयीन असल्याने मुदत थांबते, हेही कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. दिवाणी दाव्यात बाळाच्या स्वतःच्या हक्कापुरता तो आधार मिळू शकतो, तुम्ही केलेल्या खर्चाला नाही.

आता दोष कुणाचा? दूध वाळवताना उष्णतेने बरेच जंतू मरतात, पण वाळवल्यानंतर आणि डबे भरताना पावडर पुन्हा दूषित होऊ शकते. क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. ही पावडर निर्जंतुक नसतेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटना 2007 पासून सांगते की ती किमान 70 अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी, दूध दोन तासांत द्यावं, ठेवायचंच तर 5 अंशांच्या आत आणि 24 तासांपुरतंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे नियम सैल करून चालत नाही. त्यामुळे कंपनी वॉर्डकडे बोट दाखवेल आणि रुग्णालय कंपनीकडे. दोघांनाही जाबदार करा. पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल तर याच कायद्याच्या कलम 84 खाली उत्पादक जबाबदार ठरू शकतो. डब्यावर नेमकं काय छापलं होतं, यावर ते अवलंबून राहील.

पण डबा तुम्ही फेकून दिलात. रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी तो पिशवीत बंद करून ठेवायला हवा होता. तो उघडा डबा असता तर तपासता आला असता, निदान बॅच नंबर तरी मिळाला असता. आता मेडिकलचं बिल शोधा. त्यावर बहुधा बॅच नंबर असतो.

याच आठवड्यात रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागतात, आणि ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपायचं बंधन आहे. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन परत येऊ नका. फीडिंग चार्ट, नर्सिंग नोट्स, मूळ कल्चर रिपोर्ट आणि फ्रिजच्या तापमानाची नोंदवही, ही चारही नावं अर्जात लिहा. दूध किती वाजता कालवलं आणि किती वाजता पाजलं, या दोन वेळांमधलं अंतर मला बघायचं आहे. तज्ज्ञाचं मत तक्रार दाखल झाल्यावरही जोडता येईल.