उन्हात वाचता येईल असा डिस्प्ले

प्रश्न : द्राक्षबागेत ठेवायला तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा दाखवणारं यंत्र अर्डुइनो प्रो मिनी या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर बनवलंय. ०.९६ इंची ओएलईडी डिस्प्ले घरात झकास दिसतो, बागेत दुपारी काहीच वाचता येत नाही. १८६५० हा रिचार्ज होणारा लिथियम सेल आठवडाभरही पुरत नाही. ई-पेपर (ई-बुक रीडरसारखा पडदा) लावू का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ओएलईडी स्वतःच्या उजेडावर चालतो आणि दुपारच्या उन्हापुढे तो उजेड फिका पडतो. शिवाय तो सरासरी १५ मिलीअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला ३६० मिलीअँपिअर-तास. २५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल सात दिवसांत संपणारच.

ई-पेपर उन्हात उत्तम दिसतो आणि चित्र टिकवायला वीजही लागत नाही. तरी तुमच्या बागेसाठी तो नको. नेहमीच्या पॅनेलची मर्यादा ० ते ५० अंश असते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातल्या बंद डबीत पारा त्यापुढे सहज जातो, आणि कायमचं थेट ऊन त्याला मानवत नाही.

तुम्हाला हवा तो परावर्तित एलसीडी, म्हणजे बाहेरचा उजेड परत फेकून दिसणारा. ऊन जितकं कडक, तितका तो स्वच्छ दिसतो. स्वस्तातला म्हणजे नोकिया ५११० या जुन्या मोबाइलचा ८४ × ४८ ठिपक्यांचा. बॅकलाइट (मागचा दिवा) बंद असताना जेमतेम पाव मिलीअँपिअर घेतो; बॅकलाइट फक्त बटण दाबल्यावर लागेल असा जोडा. प्रो मिनी ३.३ व्होल्टची असेल तर थेट जोडता येईल. ५ व्होल्टची असेल तर प्रत्येक सिग्नल वायरमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि डिस्प्लेला वेगळे ३.३ व्होल्ट द्या. बोर्डावरचा पॉवर एलईडी काढायला विसरू नका. तो राहिला तर डिस्प्लेपेक्षा जास्त वीज तोच खाईल.

बहुतेकांचं घोडं कॉन्ट्रास्टवर, म्हणजे अक्षरांच्या गडदपणावर, अडतं. काच तापली की त्याच व्होल्टेजला सगळा पडदा काळवंडतो; निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे तीच अक्षरं पुसट होतात. तापमानाचा सेन्सर तुमच्याकडे आहेच, त्याचा उपयोग करा. डिस्प्ले चालवणाऱ्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) कॉन्ट्रास्टचा आकडा ५५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. डिस्प्ले घट्ट बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये, मग खोलीत, मग उन्हात ठेवा आणि स्पष्ट दिसेल तो आकडा तिन्ही वेळा टिपा. मधले आकडे प्रोग्रॅमला काढू द्या. अक्षरांच्या ओळी गायब व्हायला लागल्या तर आधी चौकट दाबून पाहा. काच बोर्डाला जोडणारी, काचेखालची रबरी झेब्रा पट्टी सैल झालेली असते. ती आणि बोर्डावरचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

डबी पांढरी घ्या, पानांच्या सावलीत लावा आणि तोंड उत्तरेकडे थोडं खाली झुकवा. फवारणीचं पाणी आत जाऊ नये म्हणून केबल खालूनच आत घ्या.

प्रश्न : दुकानातल्या ओएलईडी घड्याळाचे काही आकडे अंधूक झालेत. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. सतत पेटलेले ठिपके झिजतात आणि ती झीज भरून येत नाही. दुकानात वीज आहेच, तर टीएम १६३७ चिपवर चालणारा चार आकडी सेव्हन-सेगमेंट एलईडी लावा. लांबूनही वाचता येतो. ओएलईडीच हवा असेल तर ब्राइटनेस कमी ठेवा, दर मिनिटाला आकडे एक-दोन ठिपके सरकवा आणि रात्री पडदा बंद करा.