समुद्रावर बँड, शाळेत हत्ती

गेल्या अंकात वाचकांना विचारलं होतं : एकदम मोठी रक्कम हाती आली, तर तुमचा सगळ्यात खुळा खर्च कोणता असेल आणि सगळ्यात उदार कोणता? बऱ्याच जणांनी स्वप्नं लिहून पाठवली. काहींच्या खात्यात मात्र पैसे खरोखरच आलेले आहेत आणि घरात वाद चालू आहेत. त्यांचा नंबर पहिला.

मावशी, रिंगरोडमध्ये आमची जमीन गेली. निवाड्याचे पैसे वडिलांच्या खात्यावर जमा झाले. आम्ही तिघे भाऊ, एक बहीण लोणावळ्याला दिलेली. आण्णा ७४ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, गावातल्या ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी समुद्र पाहिला नाही, त्या सगळ्यांना हरिहरेश्वरला न्यायचं. आणि सोबत बँड न्यायचा, समुद्रासमोर वाजवायला! भाऊ म्हणतात, आण्णांना खूळ लागलंय, तेवढ्या पैशात बंगल्याचं प्लास्टर होईल. काय करावं? – एक वाचक, मुळशी तालुका

बँड न्या. अगदी ठरवून, चांगला बँड न्या.

मी बँकेच्या नोकरीत पौडला होते, त्यामुळे तुमची माणसं मला माहीत आहेत. ताम्हिणी उतरलं की माणगाव, पुढे म्हसळा, श्रीवर्धन. समुद्र इतका जवळ, पण भाताची लावणी, जनावरं, लेकीसुनांची बाळंतपणं यांत कितीतरी बायांचं आयुष्य घाटाच्या वरच गेलं. शिवाय जमीन जाणं मुळशीला नवं नाही. १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले ते तुमच्याच आजे-पणजांच्या पिढीतले शेतकरी. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. त्या मुलखातल्या एका म्हाताऱ्याच्या हातात आज जमिनीचा पैसा आला आणि त्याला पहिल्यांदा गावातली म्हातारी माणसं आठवली. याला मी खूळ म्हणणार नाही.

आता हे करायचं कसं? एसटीच्या जवळच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घेण्याची, चौकशी करा. जाऊन-येऊन किती किलोमीटर आणि मुक्काम किती, यावर भाडं ठरतं, आगाऊ पैसे भरावे लागतात. एका गाडीत साधारण चाळीस-चव्वेचाळीस माणसं बसतात. म्हाताऱ्यांची सहल आहे, तेव्हा मुक्काम करा, एका दिवसात दमवू नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून समुद्रालगत जाते आणि भरतीला तिथे लाटा येतात. ओहोटीची वेळ विचारूनच खाली उतरा, आणि गुडघे दुखणाऱ्यांना वरच बसवा. बँडवाल्यांसाठी तिथल्या ग्रामपंचायतीला आधी अर्ज द्या, वेळ सकाळची मागा. ज्या आजी नवऱ्याच्या माघारी कधीच नटूनथटून बाहेर पडल्या नाहीत, त्यांना सुना-नातींनी नवं लुगडं नेसवून गाडीत बसवावं, एवढी माझी भर.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला टोचली. बंगला भावांचा, वाद भावांचा, बहीण फक्त 'लोणावळ्याला दिलेली'. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि लग्न झाल्यानं तो जात नाही. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला तिला बोलावणार असाल, तर तिला हिशेब दाखवून, तिची इच्छा विचारून बोलवा. भाऊबीजेची साडी देऊन लाखोंचा हिस्सा मिटवलेला मी काउंटरवर बसून पाहिला आहे, आणि सही करणाऱ्या बाईचा चेहराही पाहिला आहे. आण्णांना सांगा, बँडच्या आधी लेक.

उरलेल्या रकमेबद्दल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याच्या भरपाईवर प्राप्तिकर नाही. मात्र तुमचे पैसे त्याच कायद्याखाली आले की वेगळ्या वाटेनं, हे निवाड्याची प्रत सीएला दाखवून नक्की करा. त्या पैशावर पुढे मिळणारं व्याज करपात्र आहे. सगळी रक्कम एका बँकेत ठेवू नका, कारण ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेला तर हा विमा लागूच नाही. दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहात पतसंस्थेत सगळं ठेवू नका, मग तिथला अध्यक्ष सख्खा मेहुणा का असेना.

आणि बंगल्याचं म्हणाल, तर माझा एक ठाम आडाखा आहे. हौस अशी करावी की ती केली आणि संपली, तिच्यामागे परत पैसा जात नाही. सहल संपते. बँडवाले बिदागी घेऊन घरी जातात. पण चार मजली बंगला, दारातली मोठी काळी गाडी, तिचा ड्रायव्हर, हे सगळं दर महिन्याला हात पसरतं. जमीन गेली म्हणजे दर महिन्याचं उत्पन्न गेलं, हे विसरून रिंगरोडच्या कडेनं कितीतरी घरांनी असे महिन्याचे खर्च मागे लावून घेतले आहेत. तुमचे भाऊ ज्याला शहाणपण म्हणतात, त्याची मला जास्त काळजी वाटते.

आमच्या नाक्यावर पैज लागली आहे. लॉटरीत १ कोटी लागले तर हातात नक्की किती येतात? – मित्रमंडळ, लालबाग

बक्षिसावर ३० टक्के कर, त्यावर रकमेप्रमाणे अधिभार, वर ४ टक्के उपकर. एक तृतीयांशाहून जास्त जातं असं धरा. या उत्पन्नाला किमान करमुक्त मर्यादा लागू होत नाही, विम्याच्या हप्त्याबिप्त्याची वजावटही मिळत नाही. मोठ्या बक्षिसाचा कर आधीच कापून उरलेली रक्कम देतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, तिकीट काढायचं तर सरकारी काढा. पण काढण्यापूर्वी मंडळाच्या वहीत एक ओळ लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या : तिकीट कोणाचं, वाटणी कशी. मैत्री टिकवायची असेल तर हे तिकीट लागायच्या आधीच करावं लागतं.

माझ्या आत्यानं दादरची जागा माझ्या नावावर केली होती. ती गेली, मी जागा विकली. माझा पगार मला पुरतो. आत्या प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या नावानं काहीतरी करावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात पाच-सात वर्षं गुंतवून रक्कम वाढव, मग कर. – एक वाचक, बाणेर

घरच्यांच्या सांगण्यात हिशेब आहे, तरी मी तुम्हाला आत्ताच द्या म्हणेन. कारण सांगायला मला जुन्या मुंबईतले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट सांगावी लागेल.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षं या शहरात पैसा नुसता ओतला गेला. रोज नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करायच्या योजना, त्यांचे शेअर, त्या शेअरवर कर्ज. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. तेजीच्या भरातच, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले. पुढे आणखी २ लाख दिले ते मनोऱ्यासाठी, आणि त्याला आईचं नाव द्यावं म्हणाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि जुलैत अख्खा बाजार बसला. प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. बुडालेल्या कंपन्यांची नावं आज फक्त अभ्यासकांना ठाऊक असतात. राजाबाई टॉवर मात्र १८७८ ला पुरा झाला आणि फोर्टमधून जाणारा कुणीही मान वर करून त्याच्यावरची वेळ बघतो. त्या चार वर्षांत कमावलेल्या पैशातला नक्की कुठला उरला, तर जो देऊन टाकला तो.

आता तुमची आत्या. तिनं ज्या शाळेत शिकवलं ती अजून चालू असेल, तर आधी तिथल्या मुख्याध्यापिकांना भेटा आणि नुसतं विचारा, काय कमी आहे? शाळांना संगणक देणारे पुष्कळ भेटतात. मुलींच्या स्वच्छतागृहात रोज पाणी यावं आणि ते रोज कुणीतरी धुवावं, यासाठी पैसे देणारं माणूस क्वचित येतं. आत्याच्या नावाची पुस्तकांची खोली करायची असेल तर जरूर करा, पण वास्तूला निम्मेच पैसे घाला. उरलेल्या निम्म्यांचं व्याज नवी पुस्तकं, मासिकांच्या वर्गण्या आणि संध्याकाळी दोन तास खोली उघडून बसणाऱ्या माणसाच्या मानधनाला जाऊ दे. हौस संपणारी असावी असं मी वर म्हटलं. देणं मात्र आपल्या माघारी चालत राहील अशी तजवीज करून द्यावं. कुलूप लागलेली किती वाचनालयं आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत! दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी चकचकीत आणि आत कपाटांना वाळवी. पुस्तकं वाचून मोठी झालेली बाई आहे मी, मला ते बघवत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नात्यात नसलेल्या एखाद्या गरजू मुलीच्या खात्यावर थेट पैसे टाकणार असाल, तर अशा भेटी वर्षभरात ५० हजारांच्या वर गेल्या की त्या तिच्या उत्पन्नात धरल्या जातात. तेवढं लक्षात ठेवून रक्कम ठरवा. आणि जागा विकल्याच्या नफ्यावरचा कर आधी बाजूला काढा, मगच देण्याचा आकडा लिहा.

मुलानं त्याची कंपनी विकली आणि मला म्हणाला, आई, तुला हवं ते माग. आमची कुलस्वामिनी गुहागरकडची. तिला सोन्याचा मुकुट करावा असं मनात आहे. – एक आजी, न्यू जर्सी

नवस बोलला असाल तर तो फेडा, त्यात मी बोलणार नाही. नुसतं मनात आलं असेल, तर एकदा गुरवांशी फोनवर बोला. आडगावातल्या देवळात सोन्याचा मुकुट आला की तो तिजोरीत जातो, राखणदार लागतो, विमा लागतो. उत्सवाचे चार दिवस सोडले तर देवीच्या अंगावर तो दिसत नाही.

तुम्हाला अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांची आठवण करून देते. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये तेव्हा खाडी होती, लोक होडीनं जायचे आणि होड्या उलटून माणसं बुडायची. सरकार पुलाला पैसा घालेना. या बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांनी अट एकच घातली होती, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. मला त्या रकमेहून ही अट मोठी वाटते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाणारी बाई आणि बग्गीतला साहेब एकाच रस्त्यानं फुकट जाणार, हे त्यांनी आधीच बांधून घेतलं.

तुमच्या देवळाच्या पायऱ्यांना कठडा आहे का? उन्हाळ्यात वाडीला पाणी पुरतं का? जत्रेला आलेल्या बायका आडोशाला कुठे जातात? कुलस्वामिनीच्या दारातली ही कामंही तिचीच सेवा आहे.

पैसे पाठवण्याआधी एक बघा. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देवस्थानाला देणगी देता येते. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी तुमची देणगी परकीय धरली जाते, आणि ती घ्यायला देवस्थानाकडे केंद्र सरकारची परवानगी असावी लागते. लहान देवस्थानांकडे ती बहुधा नसते. विश्वस्तांना अडचणीत आणू नका, आधी विचारा.

मी सातवीला शिकवते. आपल्या जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींची गोष्ट वर्गात सांगितली आणि विचारलं, तुम्हाला एवढे पैसे मिळाले तर? एका मुलानं लिहिलं, शाळेत हत्ती पाळीन. सगळे हसले, तो रडवेला झाला. त्याला काय सांगू? – एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. ज्यांच्याशी स्पर्धा होती त्यांनाच! ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं.

त्या मुलाला सांगा की तुझं उत्तर मावशीला फार आवडलं. त्याला हत्ती स्वतःच्या दारात नकोय, शाळेत हवाय, म्हणजे सगळ्यांसाठी हवाय. मग त्याच्याबरोबर बसून हिशेब करा. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो, त्याला डुंबायला पाणी लागतं, रोजचा माहूत लागतो. शिवाय कायद्यानं हत्ती असा विकत घेऊन पाळता येत नाही. हे सगळं त्यालाच फळ्यावर मांडू द्या, म्हणजे वर्ग त्याला हसणार नाही, त्याच्याकडून शिकेल.

आणि हत्ती बघायला जायचं असेल तर आपल्या राज्यात वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला. रेल्वेनं बल्लारशाह, तिथून पुढे आल्लापल्लीमार्गे गाडीनं. प्रवास लांबचा आहे, पालकसभेत आधीच बोला. हिवाळ्यात काही दिवस हत्तींच्या पायांना औषधी लेपाचा शेक देतात, तेव्हा कॅम्प पाहुण्यांना बंद असतो, म्हणून तारखा वनखात्याला विचारून घ्या. ते विचारणारं पत्र त्या मुलाला लिहू द्या, शाळेच्या शिक्क्यासह. खर्चाला कमी पडलं तर मला कळवा. मुळशीच्या आण्णांचा पत्ता माझ्याकडे आहे.